धोतऱ्याच्या किती बिया धोक्याच्या?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. पाच वर्षांच्या मुलाने मोकळ्या जागेतल्या धोतऱ्याचं काटेरी बोंड फोडून बिया तोंडात घातल्या. काही थुंकल्या, काही बहुतेक गिळल्या. तास होत आला तरी मूल खेळतंय. किती बियांपर्यंत घाबरायचं कारण नाही? झाडाला नुसता हात लागला तर काही होतं का? आणि शिजवल्यावर धोतऱ्याचं विष निघून जातं म्हणतात, ते खरं आहे का?

मी तातडीच्या विभागात बरीच वर्षं विषबाधेचे रुग्ण पाहत आलो आहे, त्या अनुभवावरून लिहितो. सगळ्यात आधी, मूल खेळत असलं तरी त्याला आत्ताच रुग्णालयात घेऊन जा. बाकीचं उत्तर तिथे बसून वाचा. जाताना त्या झाडाची फांदी, पान आणि फुटलेलं बोंड एका पिशवीत घालून सोबत न्या, आणि बिया साधारण किती वाजता तोंडात गेल्या ते कागदावर लिहून ठेवा. तोंडात उरलेल्या बिया ओल्या फडक्याने पुसून काढा, हात धुवा. घशात बोटं घालून किंवा मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका. मूल गुंगीत जाऊ लागलं असेल तर उलटी श्वासनलिकेत जाते, आणि मिठाचं पाणी हे लहान मुलासाठी स्वतःच एक विष आहे. दूध किंवा आंबट पदार्थ या उताऱ्यांनी धोतरा उतरत नाही, नुसता वेळ जातो.

आता बियांच्या आकड्याकडे येतो. हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो आणि त्यामागची काळजी मला कळते. आकडा कळला की निर्णय सोपा होईल असं वाटतं. पण धोतऱ्याच्या बाबतीत आकडा फसवतो.

धोतऱ्यातली मुख्य विषारी द्रव्यं तीन: ॲट्रोपिन, हायोसायमिन आणि स्कोपोलामिन. ती मुळांमध्ये तयार होतात आणि तिथून वर चढतात, म्हणून पान, फूल, देठ, बी, फुलातला मध, झाडाचा कुठलाच भाग निर्धोक नाही. काळपट बियांच्या जातीत एका बीमध्ये ०.१ मिलिग्रॅमपर्यंत ॲट्रोपिन असू शकतं. हा आकडा किती मोठा आहे ते पाहा. युरोपच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१३ साली अशा द्रव्यांची अन्नातली सुरक्षित मर्यादा ठरवली, ती शरीराच्या दर किलोमागे ०.०१६ मायक्रोग्रॅम. म्हणजे १८ किलोच्या मुलासाठी सुमारे ०.३ मायक्रोग्रॅम. एका बीत असू शकतात त्याच्या तीनशेपट. दुसऱ्या टोकाने बघू. हृदयाचे ठोके धोकादायकरीत्या मंदावतात तेव्हा आम्ही प्रौढ माणसाला शिरेतून १ मिलिग्रॅम ॲट्रोपिन देतो आणि एकूण ३ मिलिग्रॅमपर्यंत थांबतो. पाठ्यपुस्तकं प्रौढाची घातक मात्रा १० मिलिग्रॅमच्या आसपास सांगतात, मुलांची त्याहून कितीतरी कमी. पण याच्या कितीतरी पट ॲट्रोपिन शरीरात जाऊनही वाचलेली माणसं वैद्यकीय नोंदींमध्ये आहेत, आणि थोड्याशा मात्रेने दगावलेलीही आहेत.

कारण झाडागणिक विषाचं प्रमाण बदलतं. एकाच झाडाच्या कोवळ्या आणि जून भागांत ते वेगळं असतं, हवामानाप्रमाणे वेगळं असतं. बी अख्खी गिळली की तिचं टणक कवच बरंचसं टिकतं आणि ती तशीच बाहेर पडू शकते. तीच बी चावली गेली की आतलं सगळं मोकळं होतं. एका बोंडात शेकडो बिया असतात, आणि पाच वर्षांच्या मुलाने त्यातल्या सात गिळल्या की सत्तावीस, हे कोणीच खात्रीने सांगू शकत नाही. म्हणून आम्ही डॉक्टर बिया मोजत बसत नाही. आम्ही मूल बघतो आणि घड्याळ बघतो. 'तीनच बिया होत्या, काही होत नाही' असं कोणी सांगितलं तर ते मनावर घेऊ नका.

विष करतं काय ते समजलं की लक्षणं पाठ करावी लागत नाहीत. आपल्या शरीरात ॲसिटिलकोलिन नावाचं एक रसायन मज्जातंतूंकडून अवयवांपर्यंत निरोप पोचवतं. लाळ सोड, घाम सोड, आतडं हलव, मूत्राशय आवळ, बाहुली लहान कर, हृदय जरा हळू चालव, असे ते निरोप. निरोप पोचतो म्हणजे ते रसायन अवयवावरच्या ठरावीक जागी जाऊन बसतं. ॲट्रोपिन आधीच येऊन ती खुर्ची अडवतं. स्वतः काही सांगत नाही, पण उठतही नाही.

मग एकेक गोष्ट बंद पडत जाते. लाळ थांबते, तोंडाला कोरड पडते, इतकी की पाण्याचा घोटही उतरत नाही आणि आवाज घोगरा होतो. बाहुल्या विस्फारतात, उजेड सहन होत नाही, जवळचं पुसट दिसतं. आतडं मंदावतं, पोट फुगतं, स्टेथोस्कोप लावला तर आतड्याचे आवाज ऐकू येत नाहीत किंवा अगदी क्षीण येतात. लघवी तुंबते, बेंबीखाली हात ठेवला की टम्म गोळा हाताला लागतो, आणि बोलता न येणारं मूल त्या दुखण्याने आणखी बेफाम होतं. हृदय धावायला लागतं. चेहरा आणि छाती लालबुंद होते. घाम बंद झाल्यामुळे शरीरातली उष्णता बाहेर पडायला वाट राहत नाही आणि ताप चढतो.

या तापाबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण माझ्या मते धोतऱ्यातली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट हीच आहे. तो जंतुसंसर्गाचा ताप नव्हे. पॅरासिटामॉलने तो उतरत नाही, कारण मेंदूने तापमान वाढवलेलंच नसतं. उष्णता नुसती अडकलेली असते. त्यात रुग्ण धडपडत असतो, स्नायू सतत काम करत असतात, म्हणजे आत आणखी उष्णता तयार होते. लहान मुलांमध्ये हे फार झपाट्याने होतं. अशा वेळी गोधडी गुंडाळणं किंवा चार जणांनी दाबून धरणं म्हणजे उष्णतेत भर घालणं. कपडे सैल करा, अंग कोमट पाण्याने ओलं ठेवा, पंख्याची हवा लागू द्या. घाम जे काम करत नाही ते आपण बाहेरून करायचं.

मेंदूतही तीच रसायनं आणि त्याच जागा असतात. तिथे त्या अडल्या की जे दिसतं ते पाहून घरचे हादरून जातात. एक मध्यमवयीन बाई मला अजून आठवतात. रानातून आणलेल्या पानांत धोतऱ्याची पानं मिसळून त्यांच्या जेवणात गेली होती. खाटेवर बसून त्या उजव्या हाताच्या चिमटीने डाव्या हाताच्या बोटांच्या टोकांतून काहीतरी ओढून काढत होत्या आणि मनगटाभोवती गुंडाळत होत्या. अगदी सफाईने, गाठ न पडू देता. मुलाने विचारलं, "आई, काय करतेस?" तर त्याच्याकडे न बघता पुटपुटल्या, "दोरा संपतच नाही रे." शब्द जडावलेले, कसेबसे कळणारे. मध्येच त्यांनी खाटेशेजारच्या रिकाम्या जागेत कोणाशी तरी दोन वाक्यं बोलून घेतली आणि पुन्हा दोरा ओढायला लागल्या. हवेतलं काहीतरी वेचणं, चादरीवरून नसलेली काडी उचलणं, बोटांतून धागे काढणं हे या विषबाधेत इतकं ठरलेलं आहे की न्यायवैद्यकाच्या जुन्या ग्रंथांतही त्याचं असंच वर्णन सापडतं.

त्या बाईंना वेड लागलं, अंगात आलं, झटका आला असं बरोबरचे लोक म्हणत होते. या विषबाधेत नेमका वेळ जातो तो इथे. मानसिक आजारात भास झाले तरी माणसाचं भान बहुतेक वेळा शाबूत असतं, आणि भास बहुधा आवाजांचे असतात. धोतऱ्यात भानच हरपतं आणि भास डोळ्यांना होतात. पाच मिनिटं ओळख पटते, पुढची दहा मिनिटं पटत नाही. तेव्हा सकाळपर्यंत ठणठणीत असलेलं माणूस अचानक असं वागू लागलं तर त्याला खोलीत कोंडण्याआधी दोन गोष्टी बघा: डोळ्यांच्या बाहुल्या आणि काख.

काख, हो. उष्माघात, मेंदूज्वर, उत्तेजक अमली पदार्थ, दारू सोडल्यावरचा भ्रम, या सगळ्यांत नाडी जलद, अंग गरम आणि माणूस बरळणारा असू शकतो. पण उत्तेजक पदार्थांत किंवा दारू सोडल्यावर माणूस घामाने निथळत असतो. एवढ्या तडफडीत, एवढ्या तापात काखेत हात घातला आणि ती कागदासारखी कोरडी लागली, तर माझ्या मनात पहिलं नाव धोतऱ्याचं किंवा त्याच जातीचा परिणाम करणाऱ्या औषधांचं येतं. या तपासणीला यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत. रुग्णालयात सर्रास होणाऱ्या लघवीच्या अमली पदार्थ चाचणीत धोतरा दिसत नाही. त्याला वेगळी, मोठ्या प्रयोगशाळेतली तपासणी लागते आणि तिचा अहवाल येईपर्यंत रुग्णाचा निकाल लागलेला असतो. पूर्वी तर रुग्णाच्या लघवीचा थेंब मांजराच्या डोळ्यात टाकून बाहुली मोठी होते का ते बघत. आज त्याची गरज नाही, पण निदान अजूनही डोळ्यांनी आणि हातांनीच होतं. एकाच पंगतीत जेवलेल्या तिघाचौघांना एकाच वेळी भ्रम झाला तर निदान आणखी सोपं होतं. वेड एकदम चौघांना लागत नाही.

बिया ओळखणंही उपयोगाचं आहे, कारण त्या मिरचीच्या बियांसारख्या दिसतात आणि घोटाळा होतो. मिरचीची बी पातळ, फिकट पिवळी, जवळपास गोल. चाखली तर झणझणीत. धोतऱ्याची बी जाड, मूत्रपिंडाच्या किंवा कानाच्या आकाराची, जातीप्रमाणे पिवळसर तपकिरी किंवा काळपट, पृष्ठभागावर बारीक खळगे असलेली, आणि चवीला कडू. अर्थात चाखून बघायची नाहीच. भिंगाखाली धरली तरी पुरतं.

आता घड्याळाबद्दल. पानांचा काढा पोटात गेला तर अर्ध्या तासात लक्षणं दिसू शकतात. बियांचं तसं नाही. त्या फुगायला, फुटायला वेळ लागतो आणि लक्षणं काही तासांनीही सुरू होऊ शकतात. तासाभराने मूल खेळतंय यावर विसंबू नका असं मी सुरुवातीला म्हटलं ते यासाठी. शिवाय हे विष आतड्याची हालचाल थांबवतं, म्हणजे गिळलेल्या बिया जिथल्या तिथे पडून राहतात आणि हळूहळू विष सोडत राहतात. म्हणून परिणाम एक-दोन दिवस टिकतो, कधी त्याहून जास्त. दुपारी जरा सावरलेला रुग्ण संध्याकाळी पुन्हा बिघडू शकतो. डोळ्यांच्या बाहुल्या तर आठवडाभरही मोठ्या राहतात. काहीही लक्षण नसलेल्या मुलालासुद्धा आम्ही निदान सहा-आठ तास नजरेखाली ठेवतो. घरच्यांना ते फार वाटतं. मला नाही वाटत.

रुग्णालयात काय करतात हे माहीत असलं की तिथली भीती कमी होते. रुग्ण शुद्धीत असून गिळू शकत असेल तर ॲक्टिव्हेटेड चारकोल, म्हणजे पोटातलं विष धरून ठेवणारी कोळशाची खास पूड देतात. बहुतेक विषांत त्याचा उपयोग पहिल्या तासाभरात असतो; इथे आतडं मंदावलेलं असल्यामुळे उशिरा दिलं तरी फायदा होऊ शकतो. शिरेतून सलाईन, ईसीजी, तापमानावर लक्ष, लघवी तुंबली असेल तर कॅथेटर. नुसत्या कॅथेटरने अर्धी तडफड शांत झालेली मी पाहिली आहे. धडपड आणि झटके आवरायला लोराझेपाम किंवा डायझेपाम. हॅलोपेरिडॉल किंवा क्लोरप्रोमॅझिनसारखी मनोविकारावरची औषधं आणि प्रोमेथाझिनसारखी झोप आणणारी ॲलर्जीची औषधं इथे टाळायची असतात, कारण त्यांतली बरीचशी तीच जागा अडवतात जी धोतऱ्याने आधीच अडवली आहे, आणि काही हृदयाची लयही बिघडवतात. वेड समजून मुलाला 'झोपेचं औषध' पाजू नका असं मी घरच्यांनाही बजावतो, ते याच कारणासाठी.

धोतऱ्याला खरा उतारा आहे, आणि तोही एका विषारी वनस्पतीतून आलेला आहे. पश्चिम आफ्रिकेत कॅलाबार बीन नावाची शेंगवर्गीय वेल आहे. आरोपीला तिची बी खायला घालून तो दोषी की निर्दोष हे ठरवण्याची क्रूर रीत तिथे होती. १८६४ साली प्रागमध्ये क्लाइनवेख्टर नावाच्या डॉक्टरांसमोर ॲट्रोपिनची विषबाधा झालेले कैदी आले, तेव्हा त्यांनी त्यातल्या एकाला या बीचा अर्क दिला आणि तो सावरला. त्या बीतलं फायसोस्टिग्मिन शरीरातल्या ॲसिटिलकोलिनचं विघटन रोखतं. मग ते इतकं साचतं की ॲट्रोपिनला जागेवरून हटवतं. ते मेंदूपर्यंत पोचतं हे महत्त्वाचं. त्याच कुळातलं निओस्टिग्मिन मेंदूत शिरत नाही, म्हणून भ्रमावर त्याचा उपयोग नाही. फायसोस्टिग्मिन हळूहळू शिरेतून दिल्यावर काही मिनिटांत बरळणारा माणूस तुमच्याकडे बघून "मी कुठे आहे?" असं स्पष्ट विचारतो. पण त्याचा परिणाम तासाभरात ओसरतो, धोतऱ्याचा ओसरत नाही, त्यामुळे मात्रा पुन्हा द्यावी लागू शकते. ईसीजी बघितल्याशिवाय ते द्यायचं नसतं, आणि बऱ्याच ठिकाणी ते मिळतही नाही. अलीकडे त्याऐवजी स्मृतिभ्रंशावरचं रिव्हास्टिग्मिन वापरलं जाऊ लागलं आहे. हे औषध नसलं तरी घाबरू नका. बहुतेक रुग्ण नीट देखभालीवर पूर्ण बरे होतात. रुग्णालयात वेळेवर पोचलेल्यांत मृत्यू क्वचित होतो. जे दगावतात त्यांच्यात चढलेला ताप, हृदयाची बिघडलेली लय, मंदावलेला श्वास ही कारणं असतात. आणि काही तर भ्रमात पाण्यात उतरल्याने, उंचावरून पडल्याने किंवा रस्त्यावर धावल्याने जातात. म्हणून गाडीत बसवेपर्यंत आणि गाडीतही रुग्णाला क्षणभर एकटं सोडू नका.

हात लागण्याबद्दल: धडधाकट कातडीला पानाचा, फुलाचा नुसता स्पर्श झाला तर विषबाधा होत नाही. धोका असतो तो हात न धुता डोळा चोळण्याचा. मळ्यात तण उपटून आलेल्या तरुणाची एकच बाहुली टप्पोरी झालेली आणि त्या डोळ्याने जवळचं धूसर दिसतंय, असं झालं की मेंदूत रक्तस्राव तर नाही ना म्हणून सगळे धास्तावतात. बाहुलीची अशी एकतर्फी वाढ मेंदूच्या गंभीर आजारातही होते, त्यामुळे डॉक्टर स्कॅन सांगतील तर ते चूक नाही. पण माणूस टक्क जागा आहे, डोकं दुखत नाही, पापणी खाली आलेली नाही, बुबुळ सगळीकडे फिरतंय, तर आधी विचारायचं, "आज हाताने काय उपटलंत?" पायलोकार्पिनचे थेंब टाकूनही ती बाहुली लहान झाली नाही तर कारण बहुधा डोळ्यातच आहे, मेंदूत नाही. काही दिवसांत ती आपोआप पूर्ववत होते.

शिजवल्याने विष जातं, हे खोटं आहे. ही द्रव्यं साध्या स्वयंपाकाच्या उष्णतेने भरवसा ठेवावा इतकी नष्ट होत नाहीत. उकळल्यावर ती पाण्यात उतरतात, म्हणजे पाणी विषारी होतं आणि काढा तर सगळ्यात घातक. अन्नातून होणाऱ्या मोठ्या विषबाधांचं मूळ इथेच आहे. धोतरा हे सोयाबीन, मका, ज्वारी, बाजरी अशा पिकांतलं तण. यंत्राने कापणी करताना त्याच्या बिया धान्यात मिसळतात आणि दळल्यावर डोळ्यांना काहीच दिसत नाही. २०१९च्या मार्च-एप्रिलमध्ये युगांडाच्या करामोजा भागात जागतिक अन्न कार्यक्रमाने वाटलेल्या पोषक पिठातून तीनशेच्या आसपास लोक आजारी पडले, पाच जण दगावले. पिठात ॲट्रोपिन आणि स्कोपोलामिन सापडलं. २०२२च्या डिसेंबरमध्ये ऑस्ट्रेलियात कोवळ्या पालकाच्या पाकिटांत याच तणाची पानं गेली. शंभराहून जास्त लोकांना भ्रम, धूसर नजर, जलद नाडी असे त्रास झाले. अमेरिकेत १९६०च्या दशकात एका घरात धोतऱ्याच्या खुंटावर टोमॅटोचं कलम केलं होतं. मुळांत तयार झालेलं विष वर टोमॅटोत चढलं आणि ते खाणारं कुटुंब आजारी पडलं. परसबागेत कलमाचे प्रयोग करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायलाच हवं.

नशेसाठी धोतरा खाणाऱ्या तरुणांशी मी बोलतो तेव्हा त्यांना एकच गोष्ट स्पष्ट सांगतो: यात आनंद नाही. इतर काही पदार्थांत माणसाला आपण भासात आहोत हे कळत असतं. इथे ते कळणारा माणूसच जाग्यावर नसतो, आणि नंतर त्यातलं काही आठवतही नाही. १६७६ साली अमेरिकेतल्या जेम्सटाउनमध्ये बंड मोडायला आलेल्या काही सैनिकांनी धोतऱ्याची कोवळी पानं उकडून खाल्ली. एक जण हवेत पीस फुंकत राहिला, दुसरा त्याच पिसावर काड्या फेकत राहिला. त्यांनी स्वतःचा जीव घेऊ नये म्हणून त्यांना कोंडून ठेवावं लागलं. अकरा दिवसांनी भानावर आले तेव्हा कोणालाच काही आठवत नव्हतं, असं १७०५ साली छापलेल्या वर्जिनियाच्या इतिहासात नोंदलं आहे. मागच्या वेळी काही झालं नाही म्हणून या वेळी तेवढंच घेतलं, हा हिशोब दुसऱ्या झाडाच्या बियांना लागू पडत नाही, आणि तिथेच तरुण पोरं हातची जातात.

"पण ही तर औषधी वनस्पती आहे ना?" हेही विचारलं जातं. आहे. जपानमध्ये हानाओका सेइशू यांनी १८०४ साली धोतरा आणि बचनागाच्या मिश्रणाने रुग्णाला बेशुद्ध करून स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया केली, ईथरने भूल देणं सुरू होण्याच्या चाळीसहून जास्त वर्षं आधी. त्या मिश्रणाच्या चाचण्या ज्यांनी स्वतःवर करून घेतल्या त्या त्यांच्या पत्नीची दृष्टी कायमची गेली. दमेकरी पूर्वी याच्या पानांच्या सिगारेटी ओढत. आजच्या इनहेलरमधलं इप्राट्रोपियम त्याच घराण्यातलं, पण ते रक्तात फारसं मिसळत नाही आणि मेंदूत शिरत नाही. आणि कीटकनाशक पोटात गेलेल्या रुग्णाला वाचवण्यासाठी तर आमच्या हाताशी ॲट्रोपिनच असतं. तिथे ते कधी कधी दहा-वीस मिलिग्रॅम, प्रसंगी त्याहूनही कितीतरी जास्त द्यावं लागतं, आणि मात्रा पुरेशी झाली का हे ठरवायला मी त्याच काखेत हात घालतो. कोरडी लागली, छातीतली घरघर थांबली, नाडी वाढली, की हात आवरायचा. रुग्ण हवेतले धागे वेचायला लागला तर मात्रा जास्त झाली. कुपीतल्या औषधाची मात्रा कळते, म्हणून ते औषध आहे. झाडाच्या पानावर ती लिहिलेली नसते. घरी काढे, धुरी, लेप यांसाठी धोतरा वापरू नये, विशेषतः मुलं, काचबिंदूचे आणि प्रोस्टेटचे रुग्ण असलेल्या घरात तर नाहीच.

जनावरं उग्र वासामुळे हिरवा धोतरा सहसा टाळतात, पण वाळलेल्या चाऱ्यात किंवा मुरघासात तो मिसळला तर ओळखत नाहीत. घोड्यांना त्याने आतडं थांबून जीवघेणी पोटदुखी होते. ससा खातो म्हणून माणसालाही चालेल, असं धरू नका. बऱ्याच सशांच्या शरीरात ॲट्रोपिन तोडणारं विकर असतं, आपल्यात ते नाही.

राहिला त्या मोकळ्या जागेतल्या झाडांचा प्रश्न. बोंडं हिरवी असतानाच उपटा. ती वाळून उकलली की शेकडो बिया मातीत जातात, आणि त्या बिया फार चिवट असतात: अमेरिकेत १९०२ साली पुरून ठेवलेल्या धोतऱ्याच्या बियांपैकी बहुतेक ३९ वर्षांनीही रुजल्या होत्या. हातमोजे घाला, डोळ्यांना हात लावू नका, नंतर हात आणि कपडे धुवा. उपटलेली झाडं जाळू नका, धुरातूनही विष शरीरात जातं. चाऱ्याच्या किंवा कंपोस्टच्या ढिगावर टाकू नका. बोंडांसकट जाड पिशवीत बांधून कचऱ्यात द्या. पुढचे काही हंगाम पावसानंतर त्या जागी फेरी मारा आणि दोन-चार पानांची रोपं दिसताच काढून टाका. त्या वयात मूळ सहज सुटतं.